बापू हळबेंचा शर्ट

“अगं बाई, तो शर्ट!”

मी एवढ्या जोरात ओरडले की मांडीवरची ओवी दचकली आणि तिच्या मुठीतला गाजराचा तुकडा सतरंजीवर घरंगळत गेला.

“कुठला शर्ट?” पडद्यावरची नजर न काढता म्हात्रे वहिनींनी विचारलं.

“काही नाही. असंच.”

म्हात्रे वहिनी समोरच्या दारातल्या. त्यांच्या घरी आमच्यापेक्षा मोठा टीव्ही होता, तरी साडेसात वाजले की त्या पदराला हात पुसत आमच्याकडे येऊन बसायच्या. बापू हळबे बघायचे तर बापू हळबेंच्याच घरी बसून, असं त्यांचं म्हणणं. बापू हळबे म्हणजे श्रीरंग, माझा नवरा. ‘आमच्या मजल्यावर’ नावाची एक विनोदी मालिका तेव्हा रोज लागायची. तिच्यात हा गॅलरीतल्या आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलेला म्हातारा शेजारी होता. वाक्यं एका भागात दोन-तीन, जास्त नाहीत. पण शेजारपाजारी काही घोळ झाला की बापू हसायचे. आधी नाकातून बारीक शिटी, मग मिशा थरथरायच्या, मग पोट, मग अख्खी खुर्ची. त्या हसण्यावर आम्ही घोडबंदर रोडच्या त्या वनरूम किचनमध्ये घर मांडलं होतं. कराडच्या कॉलेजातली माझी नोकरी सोडून मी ओवीला घेऊन आले होते ती त्या हसण्याच्याच भरवशावर.

आणि आत्ता पडद्यावर बापू हळबे ज्या शर्टात हसत होते, तो मोहरीच्या रंगाचा चौकडीचा शर्ट मी त्याच दिवशी दुपारी बोहारणीला देऊन टाकला होता.

छोट्या भूमिका करणाऱ्यांना कपडे स्वतःचे न्यावे लागतात. हिरोला कंपनी कपडे देते, बापू हळबेंना श्रीरंगच्या कपाटातले. त्यातून एखादा प्रसंग अर्धा राहिला, तर त्या दिवशीचे कपडे तसेच्या तसे जपायचे. धुवायचे नाहीत, इस्त्री करायची नाही. नाहीतर माणूस दारातून निळ्या शर्टात जायचा आणि जिन्यात पांढऱ्या शर्टात उतरायचा. असे कपडे ठेवायला आमच्या दारामागे एक खुंटी होती. “या खुंटीला हात लावायचा नाही, वैजू,” असं श्रीरंगने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी खुंटीला हात लावलाच नव्हता. हा शर्ट कपाटाच्या तळाशी बोळा होऊन पडला होता, खांद्यावर ओवीच्या उष्टावणाच्या खिरीचा डाग घेऊन. मला वाटलं, संपलं याचं काम. दोन जुन्या पँटींबरोबर तोही दिला आणि ओवीच्या खिमटीसाठी झाकणाचा स्टीलचा डबा घेतला.

तेवढ्यात पडद्यावर दाराची बेल वाजली, सगळ्यांनी दाराकडे माना वळवल्या आणि भाग तिथेच संपला.

“कोण आलं असंल गो दारान?” म्हात्रे वहिनी म्हणाल्या.

माझं दाराकडे लक्षच नव्हतं. प्रसंग अर्धा राहिला होता. म्हणजे पुढचा तुकडा अजून व्हायचा असणार, आणि त्याला तो शर्ट लागणार. चित्रीकरण फार पुढचं होत नव्हतं, हातातोंडाची गाठ होती, हे श्रीरंगच सांगायचा. मला त्या मालिकेतला दूधवाला आठवला. ते काम करणारा मुलगा एकदा केस बारीक कापून सेटवर गेला. त्या आठवड्यात दूधवाल्याची आई आजारी पडली, त्याला गावाला पाठवलं, आणि तो गावाहून परत आलाच नाही. कोणी त्याला काढलं असं म्हटलंही नाही. त्याची वाक्यं पेपरवाल्याला दिली, एवढंच.

श्रीरंग आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. आल्याआल्या तो ओवीला उचलून घ्यायचा आणि जेवताना दिवसभराचं सांगायचा. सांगायचा म्हणजे करून दाखवायचा. दिग्दर्शक प्रधानांचं चष्म्यावरून बघणं, स्पॉटदादांचा चहा, नायिकेचं शिंकणं, सगळं.

“या आठवड्यात नवीन बाई आल्यात,” तो म्हणाला. “मोठ्या नाटकवाल्या. विमलमावशीचं काम. पहिल्याच दिवशी प्रधानला म्हणाल्या, ‘मला खुर्ची कुठली?’ प्रधान म्हणाला, ‘ही नको, ही बापूंची.’ अख्खं युनिट हसलं.”

ओवी खिदळली. मी भाजी वाढली.

“उद्या कपडे कुठले नेणार आहेस?”

“नेहमीचेच.”

“काही अर्धं राहिलंय का? खुंटीवर काही दिसत नाही म्हणून विचारलं.”

त्याने खुंटीकडे पाहिलंसुद्धा नाही. “तू कशाला त्या काळज्या करतेस? ओवीचा दात बघ, वर आला का तो.”

मी काळजी करतच होते. तो माझा त्या काळातला उद्योगच होता. ओवी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचं, गॅसचं बटण परत परत बघायचं, श्रीरंगची बॅग उचलून वजनावरून अंदाज घ्यायचा की आज किती कपडे नेले. अलीकडे बॅग हलकी वाटायची. दात येत असल्याने ओवी सारखी कडेवर असायची, त्यामुळे मालिकाही मी बरेच दिवस बघत नव्हते, ऐकत होते. स्वयंपाकघरात कुकर लावताना बाहेरून ती शिटी, ते हसू ऐकू आलं की जीव भांड्यात पडायचा. आजचा दिवस पार पडला.

सकाळी तो गेला आणि मी म्हात्रे वहिनींचं दार वाजवलं.

“ती भांडीवाली मंगूबाई कुठे बसते हो?”

“बाजाराचे मागं, पान्याचे टाकीजवल. सगल्या तिथंच कपडं निवडाया बसतान. का गो? डबा फुटका निघाला?”

“हो, झाकण बसत नाही,” मी म्हणाले. ओवीला कडेवर घेतलं, पिशवीत तो डबा आणि माझी एक आकाशी साडी टाकली. एकदाच नेसलेली. मोकळ्या हाताने मागायला जाऊन उपयोग नाही, एवढं मला कळत होतं.

टाकीच्या सावलीत पाचसात बायका कपड्यांच्या ढिगांमध्ये बसल्या होत्या. मंगूबाई एका कोटाच्या शिवणी ताणून बघत होती.

“शर्ट? रोज एवढे शर्ट येतात बाई, मी कुठला ध्यानात ठेवू?”

“पिवळा. चौकडीचा. खांद्यावर डाग आहे.”

“डागाचा माल मी घेतच नाय.”

“काल घेतलास. हा डबा दिलास त्याच्यावर.”

तिने डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, वास घेतला. “वापरला?”

“एकदाच.”

“मग जुना झाला.”

“शर्टही जुनाच होता की!”

“म्हणून तर डबा बारका दिला.”

बाकीच्या बायका हसायला लागल्या. ओवीला वाटलं आपल्यालाच हसतात, तीही हसली. मी मात्र घाबरले होते, आणि घाबरले की मी नको ते बोलते. “अगं बाई, तो टीव्हीतल्या बापू हळबेंचा शर्ट आहे. त्यांना आज लागणार आहे. माझे मिस्टर आहेत ते.”

मंगूबाईचे हात थांबले. तिने बसल्या जागेवरून मागच्या गाठोड्यात हात घातला आणि अजिबात न चाचपडता तो शर्ट बाहेर काढला. झटकून, हातभर लांब धरून बघितला.

“हासतो तो? खुर्चीतला?”

“हो.”

“मग हा असातसा शर्ट नाय.”

डबा गेला आणि साडीही गेली. वर ती म्हणाली, “ब्लाउजपीस नाय आणला काय?” शर्ट माझ्या हातात देताना तिने ओवीचा गाल ओढला. “बापाचं हसू हाय पोरीला. घरात पन एवढा हासतो काय गं तो?”

“हो.”

“नशीब बाई तुझं.”

रस्त्यावर येऊन मी श्रीरंगला फोन लावला. शर्ट घेऊन रिक्षाने सेटवर जावं असं मनात होतं. बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला.

“काय झालं? ओवी बरी आहे ना?”

“बरी आहे. तुझे कपडे सगळे आहेत ना तिथे? मी येऊ का काही घेऊन?”

“नको नको! इथे नको येऊस. शॉट लागलाय.” त्याच्या मागे कंडक्टरची घंटा वाजली, दोनदा, आणि कोणीतरी ओरडलं, “पुढे सरका, पुढे सरका!”

“बसचा सीन आहे का आज?”

घंटा परत एकदा वाजली. “हो. ठेवतो.”

आमच्या मजल्यावरची माणसं बसमध्ये कशाला गेली असतील, असा विचार करत मी घरी आले. शर्ट खुंटीला लावला. इस्त्री केली नाही, चुण्या आहेत तशाच ठेवल्या. मग राहवेना म्हणून काढून परत मांडीवर घेतला. वाटलं, आज नाही तर उद्या सकाळी न बोलता बॅगेत ठेवू. कुणाला कळणार पण नाही.

साडेसातला म्हात्रे वहिनी आल्या नाहीत, त्यांच्याकडे पाहुणे होते. मी टीव्ही लावला. ओवी माझ्या पायाला धरून उभी राहायची खटपट करत होती. कालची बेल परत वाजली, दार उघडलं, आणि नऊवारीतल्या एक बाई ट्रंक घेऊन आत आल्या. विमलमावशी. नवीन आलेल्या त्याच. त्या सगळ्यांवर डाफरल्या, ट्रंक कुणाच्या तरी पायावर पडली, आणि बापू हळबे हसले. शिटी, मिशा, पोट, खुर्ची.

पिवळ्या चौकडीच्या शर्टात.

शर्ट माझ्या मांडीवर होता. पडद्यावरच्या शर्टाच्या डाव्या खांद्यावर एक पंचा टाकलेला होता, जिथे डाग होता बरोबर तिथे. आणि पेपर धरलेल्या हाताच्या अंगठ्याला पांढरी पट्टी.

ती पट्टी मी बांधली होती. ओवीच्या उष्टावणाच्या दिवशी खिरीसाठी नारळ खोवताना श्रीरंगचा अंगठा विळीवर कापला होता. खीर त्याच्याच खांद्यावर सांडली, त्याला सेटवर जायचा उशीर होत होता, दुसरा शर्ट काढायलाही वेळ नव्हता, तसाच खांद्यावर पंचा टाकून तो पळाला होता. त्याला दोन महिने होऊन गेले होते. अंगठा कधीच बरा झाला होता. आणि विमलमावशी तर या आठवड्यात आल्या.

मी पुढे सरकून बसले. पुन्हा हसू आलं. त्या हसण्यात बापूंबरोबर चौकटीत दुसरं कोणीच नव्हतं. आरामखुर्ची, मागे भिंत, आणि एकटा श्रीरंग. पुढच्या वेळीही एकटाच. ट्रंक पडली तरी, दिवे गेले तरी, मावशी रडल्या तरी. पेपरची घडीही तीच.

उष्टावणाच्या त्या दिवशी रात्री तो घरी आला होता ते मला आठवलं. गाल दुखत होते म्हणून मी फडकं गरम करून शेकले होते. “आज मला एकट्याला खुर्चीत बसवलं,” तो म्हणाला होता, “आणि दिवसभर नुसतं हसायला लावलं. मोठं हसू, लहान हसू, लाजून, चिडून, तोंड दाबून. प्रधान म्हणाला, बापूंचं हसू म्हणजे आपली शिदोरी आहे.” किती खूश होता तो. दोघांनी मिळून उरलेली खीर खाल्ली होती.

दारात चावी फिरली. मालिका अर्धीही झाली नव्हती.

“लवकर पॅकअप झालं,” श्रीरंग आत येत म्हणाला. खोलीत तेव्हा त्याचंच हसू चालू होतं. ओवीने आधी टीव्हीकडे बघितलं, मग दाराकडे.

त्याने बॅग खाली ठेवली. माझ्या मांडीवरचा शर्ट त्याला दिसला.

“हा कुठून काढलास?”

“काल बोहारणीला दिला होता. आज परत आणला.”

“कशाला?”

“कालच्या भागात दिसला. म्हटलं, अर्धा सीन राहिलाय, तुला लागेल.”

तो शर्टाकडे बघत उभा राहिला. मागे जाहिराती लागल्या होत्या. कुठलासा साबण, कुठलंसं तेल.

“नाही लागणार,” तो म्हणाला.

मी ओवीला उचलून घेतलं. “कधीपासून?”

“त्या दिवसानंतर चार-पाच वेळा बोलावलं असेल. मग नाही.” तो सतरंजीवर बसला, चपला काढायच्या विसरून. “हसू भरून ठेवलंय त्यांनी, वैजू. बरणीत लोणचं ठेवतात तसं. लागेल तेवढं काढायचं. त्याला मी कशाला हवा?”

“मग पैसे?”

“हजर असेल त्या दिवसाचे. खुर्चीत मी हजर नाही.”

घरात पैसे येत होते. कुठून, ते मी त्या क्षणी विचारलं नाही. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, आणि ते किती दिवस नाही हे मला, सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या बाईला, सांगता आलं नसतं.

“दिवसभर कुठे असतोस?”

“अंधेरी. ऑफिसं फिरतो, फोटो देतो. आज जोगेश्वरीला बसमध्ये होतो तुझा फोन आला तेव्हा.” त्याने हसायचा प्रयत्न केला. “सगळे ओळखतात गं. चहा देतात. म्हणतात, बापू, तुम्ही तर रोज तिकडे दिसता. तोच चेहरा आम्ही कसा घ्यायचा? मी म्हणतो, मी तिकडे नाही. ते म्हणतात, काय बापू, काल तर बघितलं! आणि हसतात.”

“आणि ते प्रधान, स्पॉटदादा, खुर्चीवरून भांडण? रोज सांगायचास ते?”

“नवीन बाई आल्यात हे वॉचमनकडून कळलं. बाकीचं…” तो थांबला. “बाकीचं येताना बसमध्ये बसवायचो. तुला आवडायचं.”

मला आवडायचं. चार-पाच माणसांचे आवाज, चाली, नकला, सगळा सेट तो आमच्या दहा फुटांच्या खोलीत उभा करायचा. मालिकेत त्याला कधी एवढं काम मिळालं नव्हतं.

जाहिराती संपल्या. पडद्यावर तो परत हसायला लागला आणि ओवीने त्या हसण्याकडे दोन्ही हात पसरले. बाप समोर बसलेला असताना.

मी त्याच्याकडे बघत होते. दाट, टोकं खाली वळलेली, पांढरा रंग न लावताही पांढरी झाक मारणारी ती मिशी. लग्नात नव्हती. बापू हळबेंसाठी वाढवली होती, आणि करारात होतं की कंपनीला विचारल्याशिवाय कापायची नाही.

“मिशी का ठेवलीयस अजून?” मी विचारलं.

“करार आहे.”

“अजून आहे?”

“त्यांनी नाही असं कुठे म्हटलंय? समजा उद्या फोन आला. बापूंचा एखादा मोठा सीन लिहिला. आणि मी असा गेलो, मिशीशिवाय, तर दूधवाल्यासारखं…” त्याने माझ्याकडे बघितलं. दूधवाल्याची गोष्ट त्यानेच मला सांगितली होती.

“तुला गावाला पाठवलंय, श्रीरंग,” मी म्हणाले. “फक्त मालिकेत सांगितलेलं नाही.”

त्याने उठून शर्ट खुंटीला अडकवला. जेवायला बसला तेव्हा त्याने कुणाची नक्कल केली नाही. ओवी घास तोंडात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

सकाळी मी जागी झाले ती मोरीतल्या नळाच्या आवाजाने. नंतर बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मी ओवीला घेऊन उठले, पण मोरीच्या दाराशी गेले नाही. गॅसवर नसलेलं दूध बघत ओट्यापाशी उभी राहिले. आपण हे सांगायला नको होतं का, खरंच उद्या फोन आला तर काय, अंधेरीतल्या ऑफिसांनी या नव्या तोंडालाही चहाच पाजला तर काय, हे सगळं तेव्हा माझ्या डोक्यात फिरत होतं. फोन आला, नाही असं नाही. सव्वा महिन्याने आला. “बापूंचा एक सीन आहे, उद्या येता का?” मिशी नाही म्हटल्यावर तिकडचा माणूस म्हणाला, “चिकटवू की.” पण त्या दिवशी श्रीरंग कोल्हापूरला एका सिनेमात हवालदार होता. मग कंपाउंडर, मग शाळेतला शिपाई, मग मान हलवत ऑपरेशन थिएटरबाहेर येणारे किती डॉक्टर. ओवी आता बारावीला आहे आणि अजूनही लोक श्रीरंगला रस्त्यात थांबवून विचारतात, तुम्हाला कुठेतरी बघितलंय. बापू हळबे म्हणून कुणी ओळखत नाही. त्या सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा सकाळी आठला परत लागणारा कालचा भाग सुरू झाला होता. टीव्ही मीच लावला असणार, सवयीने. मिशी गेल्यावर त्याचा वरचा ओठ एवढासा, गोरा, उघडा दिसत होता. लग्नातल्या फोटोतला माणूस, पण दमलेला.

ओवीने त्याला बघितलं आणि भोकाड पसरलं. माझ्या मानेत तोंड खुपसलं, परत बघितलं, परत रडली. तेवढ्यात टीव्हीतून शिटी आली, आणि ती एकदम गप्प होऊन तिकडे वळली. तिथे तिचा बाबा मिशा थरथरवत हसत होता. तिने त्याच्याकडे हात केले.

मला वाटलं, श्रीरंग आता हसून दाखवेल. शिटी काढेल, खुर्ची हलवेल, तिला परत जिंकेल. त्याने बापू हळबेंकडे एकदा नीट बघितलं. मग पुढे होऊन टीव्ही बंद केला आणि सतरंजीवर ओवीसमोर येऊन बसला. हसला नाही, चेहरा वाकडातिकडा केला नाही, काहीच केलं नाही. नुसता बसून राहिला.

ओवी हुंदके देत त्याच्याकडे बघत होती. मी तिला खाली ठेवलं. ती रांगत गेली, त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, आणि मिशी होती तिथे तिने तळहात ठेवला. दाबून बघितला.

बाहेर म्हात्रे वहिनींच्या टीव्हीवर बापू हळबे हसतच होते. आमच्या घरात कितीतरी महिन्यांनी कोणीच हसत नव्हतं. मी दारामागच्या खुंटीवरचा शर्ट काढला, बादलीत टाकला आणि वर साबणाचा चुरा सोडला.